थंडीत दूध तोडलेली डुकराची पिल्ले सांभाळताना : नुसता जंतू सापडला म्हणून थांबू नका

काल संध्याकाळपर्यंत भावंडांना ढकलून खाणारे पिल्लू सकाळी आडवे पडलेले दिसते. मान मागे ताणलेली, पाय सायकल मारल्यासारखे चाललेले. मेलेले सापडले, तर पायांजवळचा भुसा अर्धगोलात घासला गेला आहे का ते पाहा. तसा तो असेल तर पिल्लू झटके येऊन गेले असण्याची शक्यता मोठी. ५ ते १० आठवड्यांच्या, नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांत असे घडले की पहिला संशय स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जंतूवर घ्यावा.

पण आधी पाण्याचे निपल दाबून बघा. गोठून किंवा तुंबून पाणी बंद पडले असेल, तर अंगात मीठ साठून होणाऱ्या विषबाधेनेही हुबेहूब असेच झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजले तर पिल्लू दगावते. थोडे थोडे द्यावे लागते. पापण्या सुजलेल्या असतील तर सूजरोगाचाही (ई. कोलाय जंतूमुळे होणाऱ्या आजाराचा) विचार करावा लागतो.

हा जंतू बहुतेक सगळ्या कळपांत असतोच. मादीच्या टॉन्सिलमध्ये तो राहतो आणि वेताच्या वेळी व दूध पिताना पिल्लांकडे जातो. मग सगळीच पिल्ले आजारी का पडत नाहीत? एकाच पिकाचे जसे अनेक वाण असतात, तसे या जंतूचेही आहेत. बाहेरच्या आवरणावरून त्याचे आधी ३५ सिरोटाइप मानले गेले. त्यातले काही पुढे वेगळ्या जातीचे ठरले आणि २९ उरले. आजारी डुकरांत आणि माणसांतही सिरोटाइप २ सर्वाधिक बदनाम. पण त्यातही सगळे सारखे नाहीत. जनुकांवरून त्याचे आणखी गट पाडतात, त्यांना एसटी म्हणतात. युरोप आणि आशियात गाजलेला एसटी१ हा गट अतिशय घातक. उत्तर अमेरिकेत जास्त आढळणारे एसटी२५ आणि एसटी२८ त्या मानाने सौम्य. सुइलायसिनसारखी काही प्रथिने घातकपणाची खूण समजली जातात, तरी ती नसलेल्या स्ट्रेननेही (जंतूच्या वाणानेही) पिल्ले दगावतात. एकाच पिल्लाच्या घशात निरुपद्रवी आणि घातक स्ट्रेन शेजारी शेजारी नांदतात.

म्हणून ‘घशाच्या नमुन्यात जंतू सापडला’ एवढ्या अहवालावर मी निर्णय घेऊ देणार नाही. तिथे तो सापडणारच. फुप्फुसातला नमुनाही एकटा पुरत नाही. नमुना मेंदूच्या आवरणाचा, सुजलेल्या सांध्याचा किंवा हृदयाच्या झडपेचा हवा. ताज्या मेलेल्या आणि औषध न टोचलेल्या पिल्लाचा हवा. आणि एका नव्हे, दोन-तीन पिल्लांचा हवा. प्रयोगशाळेकडून सिरोटाइप आणि प्रतिजैविक संवेदनशीलता (म्हणजे कोणते प्रतिजैविक लागू पडेल), दोन्ही मागून घ्या. एका सिरोटाइपची लस दुसऱ्याला सहसा अडवत नाही. तुमच्याच कळपातल्या स्ट्रेनपासून लस बनवून घ्यायची असेल, तर चुकीच्या जागेचा नमुना म्हणजे चुकीची लस.

झटके यायच्या आधीची खूण ओळखायला शिका : कान मागे, डोळे किलकिले, चाल डुलती, आणि कळपापासून जरा बाजूला उभे राहणे. त्याच तासाला पशुवैद्यकांना बोलवा. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचे इंजेक्शन, जोडीला दाहशामक, हे लवकर मिळाले तर पिल्लू उठते. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे स्ट्रेन सर्रास आढळतात, तेव्हा घरात उरलेली बाटली टोचू नका. आजारी पिल्लू मऊ अंथरुणावर, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. त्याला स्वतःला पिता येत नाही. दिवसातून अनेकदा चमच्या-चमच्याने पाणी द्या.

थंडी या जंतूच्या पथ्यावर पडते. विष्ठेत तो २२ ते २५ अंशांना सुमारे ८ दिवस तग धरतो, शून्य अंशाला १०४ दिवस. म्हणजे उन्हाळ्यात आठवडाभर कप्पा रिकामा ठेवून जो थोडाफार फायदा होतो, तो हिवाळ्यात मिळत नाही. विष्ठा खरवडून, धुऊन, जंतुनाशक मारून, कप्पा पूर्ण कोरडा करूनच नवी तुकडी भरा. दूध तोडल्यावर पहिला आठवडा पिल्लांच्या झोपण्याच्या उंचीवर २८ ते ३० अंश राहिले पाहिजेत. तुमच्या छातीच्या उंचीवर लावलेला तापमापक इथे उपयोगाचा नाही. झोतवारा बंद करा, पण ऊब टिकवण्यासाठी सगळी दारे-खिडक्या लावून अमोनिया कोंडू नका. वेगवेगळ्या वेतांची पिल्ले एकत्र करणे शक्य तितके टाळा. मारामारीच्या जखमा आणि ताण, दोन्हींमुळे जंतूला रक्तात जायला वाट मिळते.

माणसांच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. माणसातला आजार १९६८मध्ये डेन्मार्कमध्ये प्रथम नोंदवला गेला. २००५मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात २१५ जणांना लागण झाली, त्यातले ३८ दगावले. यातून वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे बहिरेपण येते. हाताला साधी चीर असली तरी हातमोज्यांशिवाय मेलेल्या पिल्लाला हात लावू नका आणि आजारी जनावर कापू नका. नंतर ताप, मान आखडणे किंवा ऐकू कमी येणे जाणवले, तर दवाखान्यात शिरताच डुकरांशी संबंध आल्याचे डॉक्टरांना सांगा.