एक्सचेंजला जायचंय? आधी नावाचं स्पेलिंग तपासा

सांगलीत शिकवता शिकवता एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात जाणाऱ्या मुलांची कागदपत्रंही मी बघते. यादी लांब आहे, पण सुरुवात नावापासून करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट आणि कॉलेजचं ओळखपत्र शेजारी शेजारी मांडा आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. आपल्या कोल्हापूर बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं; हा फरक समजावून सांगता येतो. स्पेलिंगचा फरक मात्र अडवतो. माझ्या एका विद्यार्थिनीचं आडनाव चौगुले. बारावीला ‘ओयू’, पासपोर्टला ‘एयू’. निवडपत्र हातात आलं तेव्हा हे लक्षात आलं. दुरुस्ती होईपर्यंत तिथलं सत्र सुरू झालं होतं. ती माझ्यासमोर दोन्ही कागद धरून उभी होती, ते मी विसरलेले नाही.

मग आपण नक्की कशातून जातोय ते विचारून घ्या. काही विद्यापीठांची परदेशात स्वतःची अभ्यासकेंद्रं असतात. तिथले विषय बहुधा त्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात धरलेले असतात. एक्सचेंजमध्ये सहसा फी इथेच भरायची, तिथली शिक्षण फी माफ, पण राहण्या-जेवणाचा खर्च आपला आणि क्रेडिटचा हिशोबही आपणच जुळवायचा. युरोपात पूर्ण सत्र म्हणजे ३० ईसीटीएस (तिथली क्रेडिट मोजायची सामाईक पद्धत) क्रेडिट. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे विषयांच्या करारपत्रावर, लिहून, विभागप्रमुखांची सही घेऊनच निघा. ‘बघू, होईल’ यावर विसंबू नका. परत आल्यावर तोच विषय पुन्हा द्यायची वेळ येते. त्यासाठी तिथल्या विषयांचा सविस्तर अभ्यासक्रम आधीच मागवा.

व्हिसाचं गणित साधं आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, छोटा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो. सत्र त्याहून मोठं, म्हणून त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. भेटीची वेळ मुंबईची असेल तर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण करा आणि कागदांच्या दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. खर्चाची तजवीज दाखवावी लागते: जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून दरमहा ९९२ युरो धरले जातात. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र जोडा. आईवडिलांना हा आकडा पहिल्याच आठवड्यात सांगा, शेवटच्या नाही.

विमा, चष्म्याचा नंबर, नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, एवढं एका फाइलमध्ये.

खाण्याचं आजीला आत्ताच समजावून सांगा. भारतातून युरोपियन युनियनमध्ये जाताना प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, साताऱ्याचे कंदी पेढेही नाहीत. भडंग, मेतकूट, घरचा मसाला बांधा. भडंगाला हवा लागू देऊ नका.

आणि त्या विद्यापीठातून कुणी आपल्याकडे आलं असेल तर त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा. तिथली खोली भाड्याने कशी मिळते, गादी-पांघरूण मिळतं का, थंडीचं जॅकेट इथून न्यावं की तिथे घ्यावं, हे त्यांच्याकडूनच कळतं.