निवडुंग फुलवायचा असेल तर हिवाळ्यात पाणी तोडा

निवडुंग वर्षानुवर्षं जगतो, जाड होतो, पिल्लंही काढतो, पण फुलत नाही. यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं: रोप अजून वयात आलेलं नसतं, ऊन कमी पडतं, किंवा हिवाळ्यातही पाणी चालू असतं. तिसरं कारण सर्वांत जास्त आढळतं. फळबागेत बहार धरण्यासाठी काही काळ पाणी तोडून झाडांना ताण देतात, तसाच ताण निवडुंगालाही लागतो. बारा महिने थोडं थोडं पाणी मिळणारं रोप हिरवंगार दिसतं, फुलाच्या बाबतीत मात्र ढिम्म राहतं.

सुरुवात लवकर फुलणाऱ्या जातींपासून करा. मॅमिलेरिया, रेब्युशिया, जिम्नोकॅलिशियम आणि पॅरोडिया यांच्या बऱ्याच जाती बियांपासून तीन-चार वर्षांत फुलतात, तेव्हा गोळा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा असतो. याउलट सोनेरी काट्यांचा मोठा गोल एकिनोकॅक्टस साधारण 35-40 सेंटिमीटर रुंद झाल्याशिवाय कळी धरत नाही. त्याच्याकडून कुंडीत फुलाची अपेक्षा न ठेवलेलीच बरी. लाल किंवा पिवळ्या डोक्याच्या कलमी निवडुंगात वरच्या गोळ्याला हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो आणि सहसा काही वर्षांतच संपतो. विकत घेताना आणखी एक बघा: नेमक्या शेंड्यावर बसलेलं, कागदासारखं कुरकुरीत आणि दिवसरात्र उघडंच राहणारं फूल हे गरम डिंकाने चिकटवलेलं सुकं फूल असतं. ते ओरबाडून काढू नका, शेंडा जखमी होतो.

माती आणि कुंडी

तीन भाग खनिज, एक भाग सेंद्रिय. खनिज म्हणजे प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड), परलाइट (भाजून फुगवलेले पांढरे, हलके दाणे) किंवा 2 ते 5 मिलिमीटरची जाड वाळू. ती चाळून बारीक धूळ काढून टाका आणि धुऊन घ्या, कारण हीच धूळ खाली बसून निचरा अडवते. समुद्राची वाळू खारट असते, ती नको. सेंद्रिय भागासाठी पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट घ्या. नुसतं कोकोपीट दोन्हीकडून त्रास देतं: ओलं असताना फार वेळ ओलं राहतं आणि एकदा कडक वाळलं की पाणी कडेने निघून जातं, मुळांशी कोरडंच. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर ते विस्कटलं पाहिजे. गोळा झाला तर अजून वाळू घाला.

कुंडी रोपापेक्षा चारी बाजूंनी एखाद-दीड सेंटिमीटर मोठी पुरे. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि सड तिथूनच सुरू होते. तळाशी खडे घालायची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा वाढत नाही, उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवला की काम झालं. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नको, तुटलेली मुळं भरून यायला तेवढा वेळ लागतो.

वाढीचा हंगाम

दिवसाला किमान चार ते सहा तास थेट ऊन. शेंडा निमुळता, फिका आणि काटे विरळ होत असतील तर ऊन कमी आहे. असा बारीक झालेला भाग पुन्हा कधी जाड होत नाही. पण म्हणून एकदम भर उन्हातही नेऊन ठेवू नका. दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने हलवा, नाहीतर सालीवर पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे. जिम्नोकॅलिशियमला दुपारच्या उन्हात थोडी सावली मानवते.

पाणी द्यायचं तेव्हा तळातून निघेपर्यंत द्या, मग माती पूर्ण वाळेपर्यंत थांबा. वरची माती फसवते. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा. काडी गार किंवा मातकट लागली तर आणखी थांबा. खत महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत, नत्र (नायट्रोजन) कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं. टोमॅटोसाठी मिळणारं विद्राव्य खत चालतं. नत्र जास्त झालं की रोप फुगतं, साल फाटते आणि आत पाणचट गर तयार होतो.

ही वाढ महत्त्वाची का, हे मॅमिलेरियाकडे बारकाईने पाहिलं की कळतं. त्याच्या अंगावर छोटे उंचवटे असतात आणि फूल काट्यांतून न येता दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून येतं, तेही गेल्या हंगामात तयार झालेल्या उंचवट्यांच्या. म्हणून फुलं शेंड्यावर न येता त्याच्याभोवती कड्यासारखी येतात. गेल्या वर्षी रोप उपाशी, अंधारात राहिलं असेल तर यंदाचं कडं तुटक दिसेल.

ताण कसा द्यायचा

थंडी सुरू होण्याआधी महिना-दीड महिना खत बंद करा. मग दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्या आणि थंडी लागली की पाणी पूर्ण तोडा. आठ ते दहा आठवडे कोरडं. रात्रीचं तापमान 5 ते 10 अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. रेब्युशियाला एवढी थंडी लागतेच. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे रेब्युशियाचा हट्ट सोडून मॅमिलेरिया आणि जिम्नोकॅलिशियम लावा, त्यांना कोरडेपणावर बऱ्यापैकी भागवता येतं. जागा मात्र उजेडाचीच हवी. कोरडं रोप ओल्यापेक्षा जास्त थंडी सोसतं, कारण आतला रस घट्ट झालेला असतो. मेलोकॅक्टस आणि डिस्कोकॅक्टस याला अपवाद: त्यांना 15 अंशांच्या खाली नेऊ नका.

रोप आकसेल, जमिनीलगत सुरकुतेल. घाबरून पाणी घालू नका. सुरकुतलेलं रोप सगळीकडून सारखं आणि टणक असतं. एकाच बाजूला मऊ, रंग बदललेला भाग दिसला तर ती सड. पाच सेंटिमीटरहून लहान कुंडीतल्या रोपट्यांना मात्र महिन्यातून एकदा चमचाभर पाणी द्या.

ताण तोडताना घाई नको. रेब्युशियाच्या बुडाशी येणारे गोळे सुरुवातीला कळी की पिल्लू, ओळखू येत नाहीत. या अवस्थेत भरपूर पाणी मिळालं तर कळ्यांऐवजी पिल्लंच वाढू शकतात. टोकाला फुलाचा रंग दिसेपर्यंत थांबा. मग उबदार सकाळी नुसता फवारा, आठवड्याने अर्धं पाणी, त्यानंतर पोटभर. कळ्या आल्यावर कुंडी फिरवू नका.

बाकीच्यांचं वेळापत्रक

सगळी मांसल रोपं या एकाच नियमाने चालत नाहीत. लिथॉप्स, म्हणजे दगडासारखं दिसणारं छोटं मांसल रोप, शरद ऋतूत फुलतं. त्यानंतर आतली नवी पानं जुन्या पानांतलं पाणी शोषून वाढतात, तेव्हा जुनी पानं कागदासारखी वाळेपर्यंत पाणी अजिबात नाही. घातलं तर पानांच्या जुन्या-नव्या दोन्ही जोड्या राहतात आणि रोप बिघडतं. कलांचो आणि नाताळाच्या सुमारास फुलणारा श्लम्बर्गेरा यांना लांब रात्र लागते: साधारण सहा आठवडे रोज 14 तास पूर्ण अंधार. खोलीतला रात्रीचा दिवासुद्धा कळी रोखतो. श्लम्बर्गेरा जंगलात झाडांवर वाढणारा असल्याने त्याला कोरडं पाडू नका. घायपात मात्र फुलला की तो कोंब मरतो, त्यात तुमची चूक नसते.

सड आणि कीड

पांढरा कापूस दिसला की पिठ्या ढेकूण. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या ब्रशने पुसा. अंडी उरतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा. हे काम सावलीत करा. रोप कारण नसताना थांबलं असेल तर कुंडीतून काढून मुळं तपासा, तिथेही हाच कापूस सापडतो. शेंड्याजवळ साल गंजल्यासारखी तपकिरी होत असेल तर लाल कोळी ही बारीक कीड.

सड लागली तर धारदार सुरी अल्कोहोलने पुसून निरोगी भागात कापा. कापावर मधोमध दिसणाऱ्या वर्तुळात तपकिरी ठिपका असेल तर आणखी वर कापा, दर वेळी सुरी पुसून. वर्तुळ स्वच्छ दिसलं की गंधकाची भुकटी लावा, कडा पेन्सिलीसारख्या तासा आणि तुकडा सावलीत उभा ठेवून वाळू द्या. लहान कापाला एक आठवडा, तळहाताएवढ्याला तीन-चार. मग कोरड्या वाळूवर टेकवून ठेवा आणि मुळं दिसल्यावरच पहिलं पाणी द्या.