टायर घेताना बाजार कसा वाचावा: सांगलीच्या काउंटरवरून

सांगलीत आमचं टायरचं दुकान आहे. काउंटर मी बघते, फिटिंगची बाजू दीर बघतात. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी, जोडी कितीला पडंल?" दर विचारावाच, पण तो प्रश्न तिसऱ्या नंबरवर यायला हवा. टायर आत्ता बदलायचा की चार महिन्यांनी, हे आधी ठरवा. मग तो किलोमीटरमागे किती पैशांना पडणार, ते काढा. या दोन गोष्टी ज्याला कळल्या त्याला कुठलाही दुकानदार नको तो माल गळ्यात मारू शकत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी जुना टायर बघा

टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. बाजूच्या भिंतीवर त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी खूण असते, तिच्या सरळ रेषेत वर बघितलं की तो उंचवटा सापडतो. कारच्या टायरला तो 1.6 मिलिमीटरचा. रबर झिजून उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर कायद्यानेही संपला. नव्या टायरची खाच साधारण 7 ते 8 मिलिमीटर असते. पावसात पाणी बाहेर फेकायचं काम ही खाच करते, म्हणून मी 3 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर जूनच्या आधीच बदलायला सांगते. मग समोरच्याची पुढच्या महिन्यात घ्यायची तयारी असली तरी.

आता तळहात टायरवरून बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका बाजूने जाताना गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखं टोचलं, तर चाकांचा टो, म्हणजे चाकं समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही खांदे, म्हणजे बाजूच्या कडा, झिजले तर हवा कमी. एकच खांदा गेला असेल तर अलाइनमेंट, आणि जागोजागी खड्डे पडले असतील तर बॅलन्सिंग नाहीतर शॉकअब्जॉर्बर. हे कारण न काढता नवी जोडी चढवली तर तीही तशीच जाणार. तासगावचा एक द्राक्षवाला पिकअपचे पुढचे टायर सारखे बदलायचा आणि दर वेळी कंपनी बदलायचा. त्याच्या गाडीचे बुश, म्हणजे चाकाच्या जोडणीतले रबरी तुकडे, गेले होते. बुश बदलले, टायर टिकले.

बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर मात्र मोजमाप, हिशोब काही करू नका. आतले धागे तुटलेत. टायर काढा.

दर कुठे ठरतो

तुमच्या बिलावरचा आकडा सांगलीत ठरत नाही. टायर बनवण्याच्या खर्चात साठ टक्क्यांच्या वर कच्चा माल असतो. त्यात नैसर्गिक रबर, कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड), नायलॉनचा धागा, पोलादी तार हे मुख्य. यातलं नैसर्गिक रबर आणि तार सोडली तर बाकीचं बरंचसं कच्च्या तेलातून येतं. म्हणजे केरळातल्या कोट्टायमचा रबरबाजार, तेलाचा भाव आणि डॉलरचा दर या तीन गोष्टींवर नजर असली की टायर महागणार का याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या देशात 2023-24 मध्ये नैसर्गिक रबर साडेआठ लाख टनांच्या आसपास निघालं आणि लागलं 14 लाख टनांच्या वर. उरलेलं बाहेरून येतं, थायलंड-इंडोनेशिया-व्हिएतनामच्या बाजूने. पिकतं मुख्यतः केरळात, त्याखालोखाल त्रिपुरात. आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यातही केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी बागा केल्यात, गोव्याला जाताना रस्त्याकडेला झाडांना बांधलेल्या वाट्या दिसतात. या झाडाचा चीक पावसाळ्यात नीट काढता येत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीमुळे कमी होतो, आणि ऑक्टोबर ते जानेवारी भरपूर निघतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये भाव तापणं आणि दिवाळीनंतर उतरणं ही चाल बऱ्याच वर्षी दिसते. ऑगस्ट 2024 मध्ये 'आरएसएस-4' जातीचं, म्हणजे धुरावर सुकवलेल्या शीटचं, रबर किलोला 247 रुपयांपर्यंत गेलं, 2011 चा जुना उच्चांकही मागे पडला. आणि दोन-तीन महिन्यांत 200 च्या खाली आलं.

हा भाव रबर बोर्डाच्या संकेतस्थळावर रोज मिळतो. रोज बघायची गरज नाही. ज्याच्या पाच-दहा गाड्या आहेत त्याने आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावा, सोबत कच्च्या तेलाचा भाव लिहावा. दोन्ही महिनाभर चढत असतील तर कंपन्यांचं भाववाढीचं पत्रक पुढच्या तिमाहीत येणार असं धरून चाला. कंपन्यांकडे आधीच घेतलेला माल असतो, म्हणून परिणाम पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या हातात असतो. रबर उतरलं म्हणून टायर उतरायची वाट मात्र बघू नका. वाढ पत्रकाने येते. उतार आला तर स्कीमच्या रूपात, डीलरच्या सवलतीत येतो. तो मागून घ्यावा लागतो.

छापील दर खरोखर उतरला तो 22 सप्टेंबर 2025 ला. जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर तर 5 टक्के झाला. बिल घेताना कराची ओळ वाचा. ट्रॅक्टरचा दर ट्रॉलीलाही लागेल असं गृहीत धरू नका, विचारा.

कधी घ्यावं

आमच्या भागाचं वेळापत्रक उसावर चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखाने पेटले की ट्रॉलीच्या 9.00-16 टायरसाठी रांग लागते, आणि तेव्हा कोणी घासाघीस ऐकत नाही. ऊसवाहतूकदाराने ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच माल बघून ठेवावा. कारवाल्यांची गर्दी मेच्या शेवटी आणि दिवाळीच्या आधी. थोडं आधी आलात तर फिटिंगवालाही निवांत असतो, आणि अलाइनमेंट घाईत झालेलं कधीच चांगलं होत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, आमच्याच धंद्यातली. डीलरला कंपनीचं टार्गेट असतं, महिन्याचं आणि तिमाहीचं. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस, त्यातही मार्चअखेर, दर बोलायला चांगले. तेव्हा चार टायर एकदम घेणाऱ्याला अलाइनमेंट-बॅलन्सिंग फुकट मिळणं अवघड नाही.

पण सवलतीच्या टायरवर तारीख बघाच. बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा, जूनचा सुरुवातीचा माल. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम. वर्षावरचा असेल तर दर कमी करून मागा, दोन वर्षांवरचा असेल तर नको म्हणा. महाराष्ट्र-गोव्यात ताजा माल मिळायला अडचण नाही: सिएटचे कारखाने नाशिक, नागपूरजवळच्या बुटीबोरीला आणि मुंबईत भांडुपला आहेत, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा वाळूजला, एमआरएफचा गोव्यात उसगावला. प्रत्येक साईजचा टायर जवळच बनतो असं नाही, पण जुनाच माल आहे म्हणणाऱ्या दुकानदाराला दोन दिवसांची मुदत द्या.

किलोमीटरचा हिशोब

समजा एक टायर 5,000 चा आहे आणि 40,000 किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला साडेबारा पैसे. दुसरा 6,200 चा आहे आणि 55,000 चालतो: सव्वाअकरा पैसे. महाग टायर स्वस्त पडला. पण गाडी वर्षाला पाच-सहा हजारच फिरत असेल तर हा हिशोब उलटतो, कारण रबर झिजायच्या आधी वयाने कडक होईल. अशा माणसाला मी साधा, ताजा टायर देते.

ट्रकवाल्यांचा खरा पैसा केसिंगमध्ये, म्हणजे टायरच्या आतल्या सांगाड्यात असतो. समजा रेडियल टायर 20,000 चा, 80,000 किलोमीटर चालला: पंचवीस पैसे. त्यावर 6,000 खर्चून रिट्रेड केला, म्हणजे वर नवं रबर चढवलं, आणि आणखी 50,000 चालला, तर एकूण 26,000 रुपयांत 1,30,000 किलोमीटर, म्हणजे वीस पैसे. मात्र त्यासाठी पहिला टायर पार तारा दिसेपर्यंत रगडायचा नाही. चार-पाच मिलिमीटर शिल्लक असताना उतरवला तर केसिंग शाबूत राहतं. रिट्रेड मागच्या चाकांना लावा, पुढच्या स्टीअरिंगच्या चाकांना लावू नका. इथे मी ऐकून घेत नाही.

प्रत्येक टायरचा नंबर, लावल्याची तारीख आणि मीटरचं रीडिंग वहीत लिहा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. एवढं केलं तरी वर्षाअखेरीस कुठली कंपनी तुमच्या रस्त्यावर, तुमच्या ड्रायव्हरच्या हातात, तुमच्या लोडला चालते हे तुमच्याच वहीत लिहिलेलं मिळेल. ते कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही.

पुढची चार-पाच वर्षं

टायरची निम्म्याहून जास्त मागणी जुन्या गाड्यांचे टायर बदलण्यातून येते. म्हणून आज रस्त्यावर कुठल्या गाड्या उतरतायत ते बघा, तीन-चार वर्षांनी दुकानात तेच टायर मागतात. आधी माझ्याकडे 12 आणि 13 इंचाचा माल ढिगाने जायचा. आता एसयूव्हींमुळे 16, 17 आणि 18 इंच. गाडी घेतानाच टायरचा दर विचारा हा सल्ला मी आता सगळ्यांना देते. वरच्या व्हेरिएंटला मोठी रिम दिसायला छान, पण एका टायरमागे दीड-दोन हजारांचा फरक पुढची दहा वर्षं सोसावा लागतो.

इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते आणि पेडल दाबताच पूर्ण जोर चाकावर येतो. टायर लवकर झिजतात. अशा गाडीला साईज जुळली एवढं पुरत नाही, लोड इंडेक्सही जुळला पाहिजे. साईजनंतर येणारा आकडा तो. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, 91 म्हणजे 615 किलो. त्यापुढचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी 190, एच म्हणजे 210. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खालचा कधीच लावू नका, कितीही स्वस्त असो.

दर पुढे फार खाली येतील असं मला वाटत नाही. जून 2020 पासून तयार टायरची आयात परवान्याखाली आहे, त्यामुळे स्वस्त चिनी ट्रक टायरचा लोंढा थांबला. देशातल्या कंपन्या बाहेर मात्र भरपूर विकतात, 2024-25 मध्ये निर्यात 25 हजार कोटींच्या घरात होती. ईशान्य भारतात टायर कंपन्यांच्या पैशातून 2021 पासून दोन लाख हेक्टरवर रबर लावायचं काम सुरू आहे. पण रबराचं झाड चीक द्यायला साधारण सात वर्षं घेतं. तोवर आयातीवर भिस्त राहणार, आणि डॉलर चढला की आपल्या बिलाला झळ लागणार. यातून कुणाचं काही चांगलं होईल तर ते त्रिपुरा-आसामच्या छोट्या शेतकऱ्यांचं व्हावं, असं मनापासून वाटतं.

बिल, वॉरंटी, जुना टायर

पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या. वॉरंटी साधारणपणे बनावटीच्या दोषाला असते, खड्ड्यात आपटून फुटलेल्याला नाही. क्लेमला कंपनीचा माणूस खाचेची खोली मोजतो आणि उरलेल्या रबराच्या प्रमाणात पैसे वळते करतो. म्हणून दोष दिसला की लगेच या, अर्धा झिजवून येऊ नका.

जुना टायर भंगारवाल्याला देताना तो रिट्रेडला चालणारा आहे का हे आधी आम्हाला विचारा, चांगल्या केसिंगला वेगळा पैसा मिळतो. न चालणारा असेल तर नोंदणीकृत रिसायकलरकडे जाईल असं बघा. 2022 च्या नियमांनी ती जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. शेतात जाळू मात्र नका, आणि अंगणात पाणी साचेल असाही ठेवू नका. डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.