उभं करून ठेवलेलं वाफेचं इंजिन परत चालू करायचंय? मग आधी बॉयलर बघा

रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. हे पहिलंच सांगतोय कारण आपल्याकडे जुन्या इंजिनाची निगा म्हणजे २६ जानेवारी जवळ आली की काळा ऑइलपेंट मारायचा, बफरला लाल पट्टा ओढायचा आणि झालं, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत त्याच रंगाखाली गंज आरामात पत्रा खात बसलेला असतो. एकावर एक चढवलेले रंगाचे थर खरवडून काढल्याशिवाय इंजिनाची खरी अवस्था कळतच नाही.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर छोटं टँक इंजिन घ्या, म्हणजे पाणी-कोळसा मागच्या वेगळ्या गाडीत न ठेवता अंगावरच वाहणारं. नेरळ-माथेरानची लाइन १९०७ ला सुरू झाली, तिची जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोप्पेलची इंजिनं त्यातलीच, दोन फुटी गेज, २० ला १ चा चढ. वळणं इतकी आवळ की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल पोकळ बनवून आत दुसरा घातलाय, त्यामुळे चाकं वळणाबरोबर थोडी फिरतात, क्लीन-लिंडनर म्हणतात त्याला. त्यातलं ७४० नंबरचं आता विलायतेत आहे. अशा इंजिनाचे सुटे भाग चार माणसं आणि एक चेनपुली यात हलतात, डब्ल्यूजीसारख्या, म्हणजे ब्रॉडगेजच्या मालगाडीच्या इंजिनाच्या धुडाला मोठी क्रेन आणि भलंमोठं शेड लागतं. आणि शेड हवंच, पावसाचे चार महिने ताडपत्रीवर काढायचा विचार मनातून काढून टाका.

उभं इंजिन जागेवरून ओढू नका, सिलिंडरात पिस्टन गंजून चिकटलेला असतो. आधी पिस्टनपासून चाकांकडे जाणारे रॉड सोडवा, मग ट्रेलरवर चढवा. प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक नटाला टॅग. बॉयलरभोवतीच्या पत्र्याखाली जे पांढरट लगदा झालेलं आवरण असतं ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याला हाताने खरवडायला जाऊ नका, ते काम जाणणारी एजन्सी बोलवा.

आता बॉयलर. खरं काम हेच, पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. बॉयलर इन्स्पेक्टरला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, इंजिन रेल्वेचं असेल तर त्यांच्या मेकॅनिकलवाल्यांना. ट्यूबा, म्हणजे बॉयलरच्या पाण्यातून गरम धूर नेणाऱ्या नळ्या, सगळ्या काढायच्या, थोड्या चांगल्या दिसल्या म्हणून ठेवायच्या नाहीत, कारण त्या काढल्याशिवाय आतली बाजू दिसत नाही. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिकने जागोजागी मोजून नकाशा बनवा. स्मोकबॉक्सचा, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीचा, तळ हमखास गेलेला असतो, चिमणीतून पावसाचं पाणी राखेवर पडतं आणि ती ओली राख आम्लासारखी लोखंड खाते.

मग स्टे. फायरबॉक्सचा (कोळसा जळतो ती पेटी) आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना धरून ठेवणारे हे शेकडो बोल्ट. माठ विकत घेताना आपण बोटाने वाजवून घेतो ना, तसं एकेक स्टे छोट्या हातोड्याने वाजवायचा, चांगला असला तर टणक आवाज येतो आणि हातोडा उडतो, तुटलेला असला तर बद्द. बऱ्याच स्टेच्या टोकाला बारीक भोक पाडलेलं असतं, स्टे आत तुटला की त्यातून पाणी झिरपतं आणि पत्ता लागतो. म्हणून ती भोकं आधी साफ करा, रंगाने बुजलेली असतात (परत तोच रंग!). हे कान तयार व्हायला वर्षं जातात, त्यामुळे परळ किंवा कल्याणकडचे रिटायर्ड बॉयलरमेकर भेटले तर त्यांना खुर्ची द्या, चहा द्या आणि ते जे बोलतील ते लिहून घ्या.

सामानाचं म्हणाल तर गॅस्केट, पॅकिंग, नटबोल्ट मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळतं, तिथल्याच दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचे पितळी व्हॉल्वही सापडतात. पण बॉयलरला लागणारी प्लेट आणि ट्यूब भंगारातून बिलकुल नको, टेस्ट सर्टिफिकेट असलेलाच माल. फायरबॉक्सच्या छतातला लेड प्लग नवीनच बसवा, पाणी कमी पडलं तर तोच वितळून इशारा देतो.

हायड्रोटेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी करताना बॉयलर काठोकाठ भरा, हवा अजिबात राहू देऊ नका, आणि चालवायच्या दाबाच्या साधारण दीडपटीपर्यंत हळूहळू पंप मारा. डब्ल्यूजीचा दाब चौरस इंचाला २१० पाउंड, म्हणजे टेस्ट ३१५ ला. पाणी दाबलं जात नाही, म्हणून काही फाटलं तर नुसती धार उडते, हवा किंवा वाफ असती तर स्फोट झाला असता.

खालचं काम तुलनेने सरळ आहे, कमानपाटे, चाकांचे टायर, अ‍ॅक्सलबॉक्सला नवीन व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू), पिस्टन रिंगा, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, ब्रेक. चांगला फिटर असला की होतं.

पहिली आग अगदी मंद. आतला फायरबॉक्स लवकर तापून फुगतो, बाहेरचं कवच मागे राहतं, घाई केली की ट्यूबा गळायला लागतात. पहिला दिवस नुसतं कोमट, वाफ दुसऱ्या दिवशी. पाण्याची पातळी दाखवणारे गेज ग्लास दोन्ही वाफेने फुंकून बघा आणि इंजिन हलवायच्या आधी सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडाच, आत पाणी राहिलं तर कव्हर फुटतं.

आता मारा रंग, स्मोकबॉक्सला उष्णता सहन करणारा काळा.

आणि जूनच्या आधी बॉयलर कोमट असतानाच रिकामा करा, आत पूर्ण सुकवा, कळीच्या चुन्याचे ट्रे सरकवून बॉयलर धुवायच्या भोकांचे मड प्लग बंद करा, चिमणीवर झाकण ठेवा, स्मोकबॉक्समधली राख कणही न ठेवता काढा. चुना भिजून फुगला की बदलायचा, पाऊस संपेपर्यंत दर पंधरवड्याला कोणीतरी जाऊन बघायचंच.