वाघ दिसला नाही तरी चालेल, तारीख चुकता कामा नये

बेळगावात वाघ-बिबट्यांच्या संशोधनावर व्याख्यान झाल्यापासून जांबोटी-कणकुंबीकडची कॉलेजची पोरं मला गाठून विचारतात, "ताई, आम्हालाही हेच करायचंय. सुरुवात कुठून करू?" मीही अशाच एका व्याख्यानाला मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर वाघीण आली आणि माझं ठरलं. त्यामुळे तुमची ओढ मला कळते. पण त्या एका फोटोमागे वहीभर नोंदी असतात, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

भीमगड, काळी, म्हादई हा कर्नाटक-गोव्याच्या सीमेवरचा सलग जंगलपट्टा तुम्हाला ठाऊक आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात संशोधनालासुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत आत पाय टाकायचा नाही. ओळखीच्या गार्डाला सांगून 'जरा जाऊन येतो' हे तर अजिबात नको, त्याची नोकरी जाईल.

आता मी जिथे फसले ते सांगते. पूर्वी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि ती पद्धत मागे पडली. त्याच्या आधीच, १९९० च्या दशकात, वाघांचे अभ्यासक उल्लास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायची पद्धत रुजवली होती. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन कॅमेरे बांधायचे. वाघ मधून गेला की एकाच क्षणी दोन्ही कुशी मिळतात. कुठली डावी कुठल्या उजवीची, हे कशावरून कळतं? फोटोवरच्या तारखेवरून आणि वेळेवरून. दुसरं काहीही हाताशी नसतं.

आमच्या एका वाटेवर दोन वाघ फिरत होते. मी बॅटऱ्या बदलल्या, झाकण लावलं, पुढच्या कॅमेऱ्याकडे निघाले. घड्याळ पाहिलं नाही. बॅटरी काढल्यावर ते १ जानेवारीवर गेलं होतं. एकदाच मागे गेलं असतं तर फरक मोजून जुळवता आलं असतं. पण मी घातलेल्या बॅटऱ्या अर्ध्या संपलेल्या होत्या. पहाटेच्या गारठ्यात कॅमेरा बंद पडायचा, ऊन आल्यावर चालू व्हायचा आणि दर वेळी पुन्हा १ जानेवारी. शेवटी एका कार्डात डाव्या कुशीचे फोटो, दुसऱ्यात उजव्या कुशीचे, आणि कुठला कुणाचा ते सांगता येईना. वाघ कुठल्या दिवशी आला हेही हिशेबाला लागतं, तेही गेलं. सर्वेक्षण दीड-दोन महिन्यांत आटपावं लागतं, कारण तेवढ्या काळात वाघांची संख्या बदलली नाही असं धरूनच गणित मांडतात. म्हणजे नंतर जाऊन भरपाई करता येत नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

म्हणून नीट ऐका. बॅटऱ्या नव्या, सगळ्या एकाच पाकिटातल्या. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच मोबाइलवरून लावा. मग पाटीवर खडूने तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा नंबर लिहा, पाटी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरून एकेक फोटो येऊ द्या. कार्ड काढतानाही तसंच. घड्याळ बिघडलं असेल तर ते त्याच दिवशी समजतं. दमला असाल, अंधार पडत असेल, तरी पाटी धरायचीच.

दोन दिवसांच्या शिबिरांची प्रमाणपत्रं गोळा करत बसू नका. त्यापेक्षा कन्नड शिका. परवानगीची पत्रं, बीटचे म्हणजे गार्डाच्या हद्दीचे नकाशे, वॉचरचे म्हणजे जंगलात गस्त घालणाऱ्या राखणदारांचे हजेरीपट सगळं कन्नडमध्ये असतं, आणि आपली मराठी पोरं तिथेच अडतात. आणि गुरू निवडताना त्यांची भाषणं ऐकून निवडू नका, ते वॉचरशी कसे बोलतात ते पाहून निवडा. मला वाट वाचायला शिकवली ती एका वॉचरमामांनी. "वाघरू शोधू नको गे पोरी, त्याची वाट धर," असं म्हणत ते वाघाने पायाने माती उकरलेला खरवडा दाखवायचे. तेच मामा गवळीवाड्यावर गेले की आधी गुरांची चौकशी करायचे.

ते मी फार उशिरा शिकले. २०२० च्या जानेवारीत पलीकडे गोव्यातल्या म्हादईत चार वाघ विषाने मेले. वाघाने गुरं मारली, त्यावरून ते घडलं. ज्याची म्हैस गेली त्याच्याकडे त्याच दिवशी जा, पंचनामा होईपर्यंत थांबा, भरपाईचा अर्ज भरून द्या. हे संशोधनाबाहेरचं काम आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

घाबरू नका मात्र. गणित कच्चं असलं तरी सरावाने जमतं, मलाही जमलं. महिनोन्महिने वाघ डोळ्यांना दिसणार नाही, त्यानेही खचू नका. पुढच्या हंगामात त्याच वाटेवर दोन्ही कुशी एकाच मिनिटाला मिळाल्या, तेव्हा मामांनी स्क्रीनवर बोट ठेवून पट्टे मोजले आणि पहिल्याच फोटोतली पाटी परत एकदा दाखव म्हणाले. अक्षर त्यांचं होतं.