सेलमला जाताय? मग या चुका टाळा

बोस्टनला लेकीकडे आलेले आईबाबा असोत नाहीतर न्यू जर्सीहून लाँग वीकेंडला निघालेली गँग, मॅसॅच्युसेट्समधलं बंदराचं गाव सेलम म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच, चेटकिणी, कारण १६९२ साली इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून लोकांवर खटले चालले. गडबड तिथूनच सुरू होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऑक्टोबरमधल्या शनिवारी गाडी घेऊन जाणं. हॅलोविनमुळे महिनाभर गावात पाय ठेवायला जागा नसते, पार्किंग सकाळीच फुल्ल, मग गोल गोल फिरा आणि एकमेकांवर चिडा. त्यापेक्षा बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून कम्युटर रेल म्हणजे उपनगरी ट्रेन पकडा, अर्ध्या तासात सेलम, पुढे सगळं पायी फिरता येतं. सीझनमध्ये बोस्टनच्या लाँग व्हार्फ धक्क्यावरून फेरी पण असते, बंदराच्या गावात बोटीनेच शिरावं असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीच न्यायची तर जूनमधला एखादा मंगळवार-बुधवार बघा, पण मग कुठलं म्युझियम कुठल्या वारी बंद असतं ते आधी चेक करा.

दुसरं, सेलम विच म्युझियम. नावात म्युझियम आहे म्हणून जुन्या वस्तू बघायला जाल तर हिरमोड होईल, आत अंधार, पुतळे, लाइट आणि रेकॉर्ड केलेली गोष्ट. बाहेर मोठा झगा आणि टोपीवाला पुतळा आहे, लोक त्याला मांत्रिक समजून सेल्फी काढतात, तो बिचारा रॉजर कॉनंट, १६२६ साली गाव वसवणारा, खटले झाले तेव्हा तो जिवंतही नव्हता. १६९२ च्या खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलममध्ये आज उभी असलेली एकच वास्तू म्हणजे विच हाउस, न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं घर. आणि कोणाला जाळलं वगैरे नव्हतं हो, १९ जणांना फाशी दिली आणि जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड ठेवत ठेवत चिरडून मारलं. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीशेजारी या वीस जणांच्या नावाचे वीस दगडी बाक आहेत, त्यावर बसून वेफर्स खाऊ नका प्लीज.

पण मला खरा राग येतो तो बंदर न बघता परतणाऱ्यांचा. अरे, हे गाव श्रीमंत झालं ते चेटकिणींवर नाही, मिरीवर! सुमात्राची मिरी, कलकत्त्याचं कापड, सगळं इथल्या जहाजांतून यायचं. अमेरिकेत पहिला हत्ती १७९६ साली कलकत्त्याहून आणला तो इथल्याच जेकब क्राउनिनशील्डने, उतरवला मात्र न्यूयॉर्कला. इथल्या कॅप्टन लोकांनी १७९९ मध्ये सोसायटी काढली, मेंबर व्हायचं तर केप ऑफ गुड होप नाहीतर केप हॉर्नला वळसा घालून आलेलं पाहिजे, त्यांनी जमवलेल्या वस्तूंतूनच आजचं पीबॉडी एसेक्स म्युझियम उभं राहिलं. आपल्या मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं जुनं पोर्ट्रेट यांच्या संग्रहात आहे, हुसेनची चित्रं पण आहेत. वेळ कमी असेल तर हॉरर शो कापा, हे नको.

डर्बी व्हार्फवर टोकाच्या छोट्या दीपगृहापर्यंत चालत जा, जवळपास अर्धा मैल, सावली शून्य आणि वारा असा की मे महिन्यातही जॅकेट लागतं. हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स या जुन्या घरातला चोरजिना अरुंद आणि उभा आहे, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि परतीच्या ट्रेनची वेळ आधीच बघून ठेवा, वीकेंडला एक चुकली की दुसरीची बराच वेळ वाट बघावी लागते.