मॅकियाव्हेली वाचताना लिव्ही शेजारी उघडा ठेवा

फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली वाचायचा म्हटलं की लोक 'द प्रिन्स' उचलतात. मी सांगते, रोमन इतिहासकार लिव्हीवरच्या त्याच्या 'डिस्कोर्सेस'पासून सुरुवात करा आणि शेजारी लिव्ही उघडा ठेवा. प्रबोधनकाळातले लेखक जुन्या इतिहासातून काय उचलत आणि कशासाठी, हे एरवी कळतच नाही.

पहिल्या बैठकीला एकच प्रसंग पुरे. इ.स.पू. 494 मध्ये कर्जाने पिचलेले रोमचे सामान्य लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. त्यातून त्यांना ट्रिब्यून हे हक्काचे कैवारी मिळाले. लिव्हीच्या दुसऱ्या खंडात हे वाचा, मग 'डिस्कोर्सेस'च्या पहिल्या भागातलं चौथं प्रकरण. लिव्ही या फुटीने धास्तावलेलं रोम दाखवतो. मॅकियाव्हेली म्हणतो, अशाच भांडणांनी रोमला स्वातंत्र्य दिलं. इथे थांबा आणि वहीत लिहा: त्याला असं का म्हणायचं होतं? फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची त्याने 1498 पासून चाकरी केली, 1512 मध्ये मेदिची हे जुनं सत्ताधारी घराणं परतलं आणि त्याची नोकरी गेली, हे लक्षात ठेवून उत्तर शोधा. मग त्याचा मित्र, इतिहासकार ग्विच्चार्दिनी काय म्हणतो ते पाहा: फुटीची स्तुती करणं म्हणजे औषध गुणकारी निघालं म्हणून आजाराची स्तुती करणं. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणूनच मला तो इतका मोलाचा वाटतो.

समोर दस्तऐवज असेल तर पंधराव्या शतकातला इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाला याची रीत धरा. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं साम्राज्य पोपला दिल्याचं एक दानपत्र होतं. व्हालाने 1440 मध्ये ते बनावट असल्याचं दाखवून दिलं. त्याचा एक मुद्दा बघा: दानपत्रात कॉन्स्टँटिनोपल हे धर्मपीठ म्हणून येतं, पण दान दिलं म्हणतात तेव्हा त्या नावाचं शहरच वसलेलं नव्हतं. आपणही मजकुरातलं एकेक नाव असंच तारखेशी ताडून पाहायचं. व्हाला तेव्हा आल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि नेपल्सच्या गादीवरून राजाचं पोपशी वाकडं होतं, हेही नोंदवा. पण त्याने युक्तिवाद लंगडा होत नाही. हेतू एका पानावर लिहा, पुरावा दुसऱ्या.

पानाच्या समासातली टिपणं मात्र कधीही वाचायची सोडू नका. 1577 मध्ये इंग्लिश कवी फिलिप सिडनी सम्राट रुडॉल्फकडे राजदूत म्हणून निघाला, त्याच्या थोडं आधी त्याने आणि विद्वान गेब्रियल हार्वेने लिव्हीचे पहिले तीन खंड राजकारणाच्या नजरेने चर्चिले. हे आपल्याला कळतं ते हार्वेने स्वतःच्या प्रतीत केलेल्या टिपणामुळे. असं टिपण दिसलं की ते कोणत्या मजकुराशेजारी आहे त्यासकट उतरवून घ्या.